मिरगात सापडलेली मुंगी राणी आहे का, आणि कोणती?

माझी पहिली राणी मुंगी उपाशी मेली. तिला ठेवलेल्या काचेच्या नळीत पाणी होतं, अंधार होता, कापूस स्वच्छ होता. पहिल्या कामकऱ्या निघेपर्यंत राणीला काही खायला द्यायचं नसतं, असं मी वाचलेलं होतं आणि ते अक्षरशः पाळलं. पण माझी राणी तशी उपास काढणारी नव्हतीच. ती शिकारी मुंग्यांच्या कुळातली होती. या कुळातल्या बहुतेक राण्या एकट्या असतानाही बिळातून बाहेर पडतात, बारीकसारीक किडे मारून आणतात आणि त्यावर पहिली पिल्लं वाढवतात. मी तिला कापसाच्या बोळ्यामागं कोंडून ठेवलं होतं. तेविसाव्या दिवशी नळी उजेडात धरली तेव्हा ती पाय पोटाशी घेऊन आडवी पडलेली होती आणि शेजारी चार लांबुळकी अंडी होती.

मुंग्या पाळायला नव्यानं लागलेली मंडळी फोटो दाखवून पहिला प्रश्न विचारतात, "हिचं नाव काय?" नाव कळलं तर चांगलंच, पण ते शेवटी. आधी तीन गोष्टी कळायला हव्यात. ही मुंगीच आहे का? असेल तर राणी आहे का? आणि राणी असेल तर ती दार बंद करून उपास काढणारी आहे की बाहेर पडून खाणारी? तिसऱ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मुंगीच्या कंबरेत असतं. ती कंबर बघायला शिकणं हाच या लेखाचा गाभा आहे.

कधी आणि कुठं बघायचं

आमच्याकडं मराठवाड्यात एप्रिल-मेच्या वळवानंतर थोडीफार सुरुवात होते, पण खरा हंगाम मिरगाचा. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पहिला दमदार पाऊस पडतो, काळ्या रानाच्या भेगा ओल धरतात, हवा दमट होते आणि वारा पडतो. त्या संध्याकाळी वारुळांतून पंखवाले नर आणि राण्या बाहेर पडतात. हवेत त्यांचं मीलन होतं. नर एक-दोन दिवसांत मरतात. राणी खाली उतरते, स्वतःचे पंख स्वतः गाळते आणि बीळ करायला जागा शोधत जमिनीवर भराभर चालू लागते. पंख गाळून एकटीच चालणारी राणी आपल्याला हवी असते. आर्द्रा नक्षत्रातही उघडीप मिळाली की पुन्हा झुंडी उठतात.

जागा म्हणाल तर गावातल्या खांबावरच्या दिव्याखालची फरशी, पेट्रोल पंपाचं आवार, बसस्थानकाच्या भिंतीची कड. शेतात असाल तर शेडवरच्या बल्बखाली. काही जाती रात्री न उडता पहाटे किंवा सकाळी उडतात, म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर हौदाचं पाणी, अंगणातली डबकी आणि पायरीच्या फटी बघून घ्याव्यात. हौदात तरंगणारी राणी बऱ्याचदा जिवंत असते. तिला पानावर घेऊन सावलीत ठेवा, अर्ध्या तासात ती मिशा पुसायला लागते.

राणी मिळावी म्हणून वारूळ खणू नका. खणून काढलेली जुनी राणी सहसा जगत नाही आणि मागं राहिलेली सगळी वसाहत राणीविना संपते. गौताळा, येडशी रामलिंग घाट, नायगाव मयूर अशा अभयारण्यांतून तर मुंगीच काय, काहीच उचलायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ तिथल्या किड्यांनाही लागू आहे. आपल्या अंगणात आणि आपल्या बांधावर पुरेशा राण्या उतरतात.

पकडताना आणि बघताना

बोटांनी उचलू नका. तिचे पाय दुखावतात, आणि काही जाती नांगी मारतात. काचेची परीक्षानळी तिच्या पुढ्यात आडवी धरा आणि मागून कागदाचा तुकडा हळूच लावा. ती अंधाऱ्या बोगद्यात शिरल्यासारखी आत जाते. एका नळीत एकच राणी ठेवा. घट्ट झाकणाच्या लहान बाटलीत कोंडू नका. डोंगळ्याच्या कुळातल्या मुंग्या घाबरल्या की फॉर्मिक आम्ल सोडतात आणि बंद जागेत त्यांचं आम्ल त्यांनाच बाधतं. नळीच्या तोंडाला कापूस असला की हवा खेळती राहते.

नळीवर लगेच चिठ्ठी चिकटवा: तारीख, वेळ, गाव, पाऊस थांबून किती वेळ झाला, दिव्याखाली की उघड्यावर, काळी माती की मुरूम. हे तपशील घरी गेल्यावर आठवत नाहीत, आणि दोन सारख्या दिसणाऱ्या राण्या वेगळ्या करताना उडण्याची वेळ फार उपयोगी पडते.

बघण्यासाठी महागडी साधनं लागत नाहीत. सोनार डोळ्याला लावतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि पोरांच्या आलेखवहीचं एक पान पुरतं. आलेखाचा बारीक चौकोन एक मिलिमीटरचा असतो, त्यावर राणी उभी राहिली की लांबी आपोआप मोजली जाते. गोल नळीतून बघितलं की काच मुंगीला पसरट करते, म्हणून फोटोपुरतं तिला कानातल्यांच्या सपाट पारदर्शक डबीत घ्या. डबीखाली आलेखाचं पान ठेवा आणि उजेड बाजूनं येऊ द्या. वरून बॅटरी मारली तर काळ्या अंगावर नुसती चकाकी येते आणि कंबर दिसत नाही.

तीन फोटो हवेत. सगळ्यांत महत्त्वाचा बाजूनं, कारण कंबर त्यातच दिसते. दुसरा वरून आणि तिसरा समोरून, तोंडाचा. सगळं पाच-सात मिनिटांत उरका. पहिल्याच दिवशी तासभर उजेडात नाचवलेली राणी अंडी घालायला उशीर लावते.

मुंगीच आहे ना?

मिरगात दिव्याखाली जे पंखवाले किडे ढिगानं पडतात, त्यात वाळवीच जास्त असते. फरक सोपा आहे. वाळवीचे चारही पंख सारख्याच लांबीचे आणि अंगापेक्षा बरेच लांब असतात. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान. वाळवीच्या मिशा मण्यांच्या सरळ माळेसारख्या असतात, राणी मुंगीच्या मिशा कोपरात वाकलेल्या हातासारख्या. आणि वाळवीला कंबर नसते, छातीपासून पोटापर्यंत ती एकसारखी जाड असते.

आणखी दोन ठिकाणी फसगत होते. एक, अंगावर मखमलीसारखे दाट केस असलेली, बिनपंखाची, सुसाट पळणारी "मुंगी". ती मुंगी नसून गांधीलमाशीची मादी असते आणि तिचा डंख फार जहाल असतो. तिच्यापासून हात लांबच ठेवा. दुसरा मुंगीचं सोंग घेणारा कोळी. तो पुढचे दोन पाय मिशांसारखे हवेत हलवतो. पाय मोजा. आठ भरले तर सोडून द्या.

राणी, नर की मोठी कामकरी?

पहिल्या वर्षी मी एका रात्रीत नऊ नळ्या भरल्या होत्या. सकाळी नीट बघितलं तर सहा नर होते, दोन मोठ्या डोक्याच्या कामकऱ्या, आणि राणी एकच. हा घोळ बहुतेकांचा होतो, म्हणून इथं जरा सावकाश जाऊ.

नर ओळखायला सोपा. त्याचं डोकं अंगाच्या मानानं अगदी लहान आणि डोळे मात्र टपोरे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेले. मिशा लांब, दोऱ्यासारख्या, कोपर जवळजवळ नसलेलं. जबडा नावापुरता. छाती फुगीर असते पण पोट बारीक आणि निमुळतं, त्यामुळं तो मुंगीपेक्षा किरकोळ गांधीलमाशीसारखा वाटतो. नळीत ठेवला की सैरभैर फडफडत राहतो.

दिव्यावर येणारा एक नर मात्र भल्याभल्यांना चकवतो. दोन-तीन सेंटिमीटरचा, तपकिरी, लवदार, जाडजूड लांबट पोटाचा किडा धप्पकन येऊन पडतो. एवढा मोठा म्हणजे राणीच असणार असं वाटतं. तो डोरायलस या जमिनीखाली फिरणाऱ्या लष्करी मुंग्यांचा नर असतो. त्यांच्या राणीला पंखच नसतात आणि ती कधी उडत नाही. म्हणून दिव्याखाली डोरायलसची राणी सापडणं शक्य नाही.

आता मोठी कामकरी. डोंगळ्यांमध्ये कामकऱ्याच लहान-मोठ्या मापाच्या असतात आणि सगळ्यांत मोठी कामकरी लांबीला राणीच्या जवळपास जाते. म्हणून नुसत्या लांबीवर भरवसा नको, छाती बघा. कामकरीची छाती अरुंद आणि एकसंध असते, बाजूनं बघितलं तर डोक्यामागून कंबरेपर्यंत एक साधी कमान. राणीची छाती म्हणजे पंख हलवणाऱ्या स्नायूंची कोठी. ती फुगीर असते, वरून बघितलं तर एका मोठ्या ढालीमागं लहान ढाल ठेवल्यासारखी, वेगवेगळ्या तुकड्यांची दिसते. वरून बघताना मोठ्या कामकरीचं डोकं छातीपेक्षा खूप रुंद वाटतं. राणीत डोकं आणि छाती यांचा जोर साधारण सारखा असतो.

मग भिंग छातीच्या बाजूला न्या. पंख गाळलेले असतील तर तिथं दोन्ही बाजूंना पंख तुटल्याच्या खुणा दिसतात. एखादं वाळकं पान देठापाशी गळाल्यावर फांदीवर जो व्रण राहतो, अगदी तसा व्रण. काही वेळा पंखाचा बारीक खुंट शिल्लक असतो. कामकरीला कधी पंख आलेलेच नसतात, त्यामुळं तिथं काहीच नसतं. त्यानंतर कपाळाच्या वर बघा. राणीच्या डोक्यावर तीन बारीक मण्यांसारखे साधे डोळे त्रिकोणात बसवलेले असतात. डोंगळ्याच्या कामकरीला ते नसतात. छाती, व्रण आणि तीन मणी असं तिन्ही जुळलं तर ती राणी.

छातीतले ते स्नायू पुढं वाया जात नाहीत. उपास काढणारी राणी एकदा बिळात बसली की तेच स्नायू आणि अंगातली चरबी विरघळवते आणि त्यावर पहिल्या अळ्या पोसते. तिचं उडणं आयुष्यात एकदाच असतं, त्यानंतर त्या स्नायूंचं अन्न होतं. हे कळल्यापासून नळीतल्या फुगीर छातीकडं मी वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

आमच्या माळावर, मुरमाड जमिनीवर एक मोठी काळी मुंगी नेहमी एकटीच फिरताना दिसते. तिच्या अंगावर अंगठ्याच्या ठशासारख्या बारीक रेघा असतात. एकटी, मोठी, पावसानंतर दिसलेली, म्हणून लोक तिला राणी समजून घरी नेतात. ती डायाकामा. या मुंग्यांमध्ये वेगळी राणी जन्मतच नाही, कामकऱ्यांपैकीच एक जण मीलन करून अंडी घालते. तिची छाती बघितली तर कामकरीचीच दिसेल. तिला जिथून उचललं तिथंच सोडा.

पंख अजून शाबूत असतील तर? राणी उडायच्या आधीच पकडली गेली असेल किंवा मीलन होऊनही तिनं पंख गाळले नसतील. पंख हातानं तोडू नका. अंधारात चार-पाच दिवस ठेवा. उलट बाजूही लक्षात असू द्या: पंख गाळले म्हणजे मीलन झालंच असं नाही, काही राण्या मीलनाशिवायही पंख टाकतात. खात्री फक्त पहिल्या कामकऱ्या देतात. मुंग्यांमध्ये फळलेल्या अंड्यातून मादी आणि न फळलेल्या अंड्यातून नर होतो. पहिल्या खेपेला कामकऱ्या निघाल्या तर मीलन झालेलं आहे, नुसते नर निघाले तर नाही.

आता कंबर

राणी ठरली. बाजूनं काढलेला फोटो मोठा करा आणि छाती-पोटाच्या मधली जागा बघा. मुंगीच्या कंबरेला एक किंवा दोन गाठी असतात. एक म्हणजे उभ्या पाकळीसारखी किंवा खड्यासारखी एकच उंचवटी. दोन म्हणजे माळेतले दोन मणी लागोपाठ ओवल्यासारख्या. ही मोजणी चुकली तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून दोन-तीन फोटोंत बघून घ्या. पोट खाली झुकलेलं असलं की मागची गाठ पोटातच धरली जाते.

एकच गाठ दिसली तर पोटाचं टोक बघा. तिथं नांगी नसून बारीक गोल भोक असेल आणि त्याभोवती केसांची झालर असेल, तर ती डोंगळ्याच्या उपकुळातली. मराठवाड्यात नवशिक्याला सगळ्यांत जास्त मिळणारी राणी याच उपकुळातली असते: कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, म्हणजे आपला घराघरात दिसणारा, गूळ सांडला की रांग लावणारा मोठा काळा डोंगळा. फॅब्रिशियस या शास्त्रज्ञानं १७८७ साली या जातीला नाव दिलं. राणी १५ ते १८ मिलिमीटरची, काळी, दणकट. याच कॅम्पोनोटस प्रजातीतली दुसरी ओळखायला सोपी जात म्हणजे कॅम्पोनोटस सेरिसियस. तिच्या पोटावर सोनेरी रेशमी लव असते, उन्हात ती जरीच्या काठासारखी चमकते. छातीवर किंवा कंबरेवर काटे असतील तर पॉलिरॅकिसचा विचार करा.

कॅम्पोनोटसची आणखी एक खूण समोरच्या फोटोत मिळते. मिशा जिथून फुटतात ती जागा वरच्या ओठाच्या पट्टीला चिकटून नसते, थोडी मागं सरकलेली असते. ही खूण बघायची सवय लागायला वेळ लागतो, पण एकदा लागली की पुन्हा शंका राहत नाही.

एकच गाठ, पण अंग लांबट आणि चिवट, पोटाच्या पहिल्या आणि दुसऱ्या भागांमध्ये किंचित आवळल्यासारखी खाच, आणि टोकाला नांगी. ही शिकारी मुंग्यांची उपकुळं. माझी मेलेली राणी यातलीच होती. ही राणी ओळखताना आणखी एक गोष्ट मदत करते. कॅम्पोनोटसच्या राणीत आणि कामकरीत ढळढळीत फरक असतो, शिकारी कुळात मात्र राणी कामकरीपेक्षा जेमतेम मोठी असते. छाती थोडी भरलेली आणि पंखांचे व्रण, एवढाच फरक. त्यामुळं नवशिके तिला कामकरी समजून सोडून तरी देतात, नाहीतर मी केलं तसं तिला उपाशी तरी ठेवतात.

दोन गाठी दिसल्या तर आपण फार मोठ्या उपकुळात आलो. घरातल्या बारीक लाल मुंग्या, दाणे गोळा करणाऱ्या, झाडावरच्या, सगळ्या यात येतात. इथं चार गोष्टी बघा. छातीच्या मागच्या टोकाला दोन बारीक काटे आहेत का? असतील आणि मिशीच्या टोकाचे तीन मणी फुगीर असतील तर बहुधा फायडोली. आपल्याकडं दगडाखाली आणि अंगणात ती पुष्कळ आहे, राणी साधारण ६ ते ८ मिलिमीटरची. काटे नाहीत, रंग तांबूस आणि मिशीच्या टोकाचे दोनच मणी फुगीर, तर सोलेनॉप्सिस जेमिनाटा. ही मूळची अमेरिकेतली आणि आता आपल्याकडं पसरलेली अग्निमुंगी. तिच्या कामकऱ्यांचा दंश आगीसारखा झोंबतो, आणि पाळली तर फटीतून निसटून घरभर होतात. नवशिक्यानं ती पाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि दुसऱ्या गावात नेऊन सोडू तर मुळीच नये.

दुसरी गाठ पोटाला पुढून न जोडता वरच्या अंगानं जोडलेली दिसली तर ती क्रेमॅटोगॅस्टर. तिच्या कामकऱ्यांचं पोट बदामाच्या आकाराचं असतं आणि डिवचल्या की त्या ते पाठीवर उचलून धरतात. राणीत हा आकार तेवढा ठसठशीत नसतो, म्हणून जोड बघायचा. आणि दोन गाठी असून राणी दोन सेंटिमीटरच्या आसपास, भारदस्त, तपकिरी असेल तर ती केअरबारा असू शकते. तिच्या बारीक कामकऱ्या दोन-तीन मिलिमीटरच्या असतात. एवढ्या मोठ्या आईची एवढी इवली लेकरं बघून पहिल्यांदा विश्वास बसत नाही.

दोन गाठी, मोठे डोळे, काडीसारखं लांब शरीर, डोकं आणि पोट काळं, छाती मात्र नारिंगी-तांबडी, अशी मुंगी बाभळीच्या किंवा चिंचेच्या खोडावर दिसली तर ती टेट्रापोनेरा रुफोनायग्रा. तिचा दंश फार वेदना देतो. राणी असो वा कामकरी, नवशिक्याच्या हातची ती नाही.

मग खायला द्यायचं की नाही?

कॅम्पोनोटस, फायडोली, केअरबारा यांच्या राण्या उपास काढणाऱ्या. नळीचा तिसरा हिस्सा पाण्यानं भरा, कापसाचा बोळा पाण्याला टेकेल असा घट्ट बसवा, राणी सोडा, तोंडाला दुसरा बोळा लावा आणि नळी कागदात गुंडाळून घरातल्या सगळ्यांत थंड, हादरे न बसणाऱ्या जागी ठेवा. पत्र्याच्या खोलीत नको, फ्रीजवर नको, चाळण्या-पातेल्यांच्या फळीवर नको. आठवड्यातून एकदा अर्धा मिनिट बघा. सारखी उघडझाक केली तर घाबरलेली राणी स्वतःची अंडी खाते. मी एका डोंगळ्याच्या राणीच्या बाबतीत हेही करून बसलो आहे. ती रोज अंडी घालायची, मी रोज मोजायचो, आणि एका संध्याकाळी मोजायला एकही उरलं नव्हतं.

शिकारी कुळातली राणी असेल तर नळीचं तोंड एखाद्या लहान डबीत उघडं ठेवा, म्हणजे तिला बाहेर यायला अंगण मिळेल. दोन-तीन दिवसांनी एक ताजा मारलेला बारीक किडा द्या. आपल्याकडं वाळवीला तोटा नाही. एक मऊ कामकरी वाळवी मधोमध कापून ठेवली की बहुतेक राण्या ती रात्रीतून उचलून नेतात. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढून टाका, नाहीतर बुरशी धरते. शेतातून किडे आणणार असाल तर फवारणी झालेल्या रानातले आणू नका.

कुठलं कुळ ते ठरतच नसेल तर मधाच्या पाण्याचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब फॉइलच्या तुकड्यावर ठेवून एका रात्रीसाठी आत सरकवा. उपास काढणाऱ्या राणीचं त्यानं काही बिघडत नाही, आणि खाणारी असेल तर तिचा जीव वाचतो.

पक्कं कधी होतं

पहिल्या दिवशी प्रजातीपर्यंत पोचलात तरी भरपूर झालं. प्रजाती म्हणजे आडनाव, जात म्हणजे पाळण्यातलं नाव. आडनाव कळलं की सांभाळायचं कसं ते कळतं. पाळण्यातलं नाव पुढं नळीतल्या घडामोडी सांगत जातात.

अळ्या मोठ्या झाल्या की कोष बघा. कॅम्पोनोटसच्या आणि शिकारी कुळातल्या अळ्या स्वतःभोवती पिवळसर तपकिरी रेशमी कोष विणतात. लोक त्यालाच मुंगीची अंडी म्हणतात. दोन गाठींच्या उपकुळातल्या अळ्या कोष विणत नाहीत. त्यांच्यात पाय दुमडलेली पांढरी बाहुली उघडीच दिसते. तुम्ही दोन गाठी मोजल्या आणि नळीत रेशमी कोष दिसले तर मोजणी चुकली, पुन्हा भिंग घ्या. मग कामकऱ्या निघतात. पहिल्या खेपेच्या कामकऱ्या नेहमीपेक्षा लहान आणि भित्र्या असतात, त्यांच्यावरून जात ठरवायची घाई नको. डोंगळ्याला अंड्यापासून पहिल्या कामकरीपर्यंत सहा ते आठ आठवडे लागतात, फायडोलीला साधारण महिना.

नेटवर ओळख विचारायची तर आयनॅचरलिस्टवर तिन्ही फोटो, लांबी, तारीख आणि तालुका टाका. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र शिकणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांनाही दाखवा. पिकांवरच्या किडी बघून बघून त्यांची नजर तयार झालेली असते. कुणीही नाव सांगितलं तरी कशावरून, ते विचारा. गाठी, मिशा, काटे यांच्यावरून सांगत असतील तर मान्य करा. नुसतं "काळी आहे म्हणजे डोंगळाच" म्हणत असतील तर थांबा.

माझ्या कपाटात आत्ता एक नळी आहे. तिच्यावरची चिठ्ठी अशी: "१२ जून, रात्री ८. पाऊस थांबून तास झालेला. खांबाच्या दिव्याखाली, फरशीवर. १७ मिमी, काळी, एक गाठ, नांगी नाही, पंखांचे व्रण आहेत. कॅम्पोनोटस, जात?" त्याखाली वेगळ्या पेनानं नंतर लिहिलेलं: "२१ जून, सात अंडी. १४ जुलै, तीन कोष. २९ जुलै, पहिली कामकरी. राणीच्या तोंडाशी तोंड लावून बसली होती."